सिहोरा दोन दिवस चालला

हलका, लवकर पिकणारा धान कापून झालेला असतो आणि भारी, उशिरा पिकणारा धान अजून बांध्यांत उभा असतो, तेव्हाचे आमच्या भागातले ते पंधरा-वीस दिवस मला वर्षातले सर्वांत खरे दिवस वाटतात. कापलेल्या बांधीत धानाचे कडपे पसरलेले असतात आणि त्यांतून उन्हानं तापलेल्या तणसाचा गोडसर, किंचित दमट वास उठत असतो; शेजारच्या बांधीत लोंबीच्या भारानं वाकलेला भारी धान हिरवट-पिवळा, अर्धवट झोपेत असल्यासारखा उभा असतो; आणि या दोहोंच्या मधून जाणाऱ्या धुऱ्यावर सकाळी इतकं दव साचलेलं असतं की चपला हातात घेऊनच चालावं लागतं. शरद पुरता ओसरलेला नसतो आणि हेमंतानं अजून दार ओलांडलेलं नसतं. या दिवसांना आमच्याकडे वेगळं नाव नाही. ‘हलका कापला, भारी उभा’ एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ऋतू, उजेड, कामाची घाई, सगळं एकदम कळतं. माझ्या आजोबांनी समुद्र ओलांडला तो याच दिवसांत. हे वाक्य आज मी निर्धास्तपणे लिहिते आहे, पण ते लिहिता यावं म्हणून मला एक आख्खं वर्ष भांडावं लागलं.

भांडण्याच्या बाबतीत मी तशी कच्ची नाही. भंडाऱ्याच्या मोजणी कार्यालयात नकाशे, गट नंबर आणि फेरफार नोंदी यांच्यात माझी सगळी नोकरी गेली. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ‘कागदावर नसेल तर नाही’ असं शांतपणे सांगण्यात मी इतकी तरबेज झाले होते की घरीसुद्धा भाजीत मीठ आहे की नाही याचा पुरावा मागते, असं आमच्या घरचे चिडवतात. निवृत्त होऊन मी अड्याळला परतले ती तलावाच्या काठचं घर नीट करून निवांत राहायच्या इराद्यानं. निवांतपणा माझ्या स्वभावात नाही हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आजोबांना आम्ही आबाजी म्हणत असू. नाव दसरू, दसऱ्याच्या दिवशी जन्मले म्हणून. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा एके दिवशी, वडिलांशी कडाडून भांडून, बाजाराला जातो म्हणून ते घरातून निघाले आणि परतलेच नाहीत. माझे वडील तेव्हा पाळण्यात होते. काही वर्षांनी आबाजी आले ते पिवळे पडलेले, हिवतापानं खंगलेले, अंगावर साधे धोतर-बंडी, हातात एक पत्र्याची पेटी. सगळा गाव गोळा झाला. कुठं होतास म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “लढाईत होतो. सिहोऱ्यात बसलो होतो.”

एवढ्या एका वाक्यानं आमच्या घराच्या पुढच्या ऐंशी वर्षांची वाट लावली. सिहोरा हे आमच्याच जिल्ह्यातलं, तुमसरच्या पलीकडे बपेऱ्याच्या वाटेवरचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं मोठं गाव, आणि आबाजींची सख्खी मावशी त्याच गावात दिलेली. गावानं क्षणात हिशेब मांडला: गावातले चार-पाच जण खरोखर लढाईवर गेले, त्यांची पत्रं आली, एकजण परत आलाच नाही, आणि हा दसरू बायको-लेकरू टाकून मावशीच्या घरी बसून राहिला. ‘बसणे’ या क्रियापदाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, आणि आबाजींना हवा होता तो कुणाच्याही डोक्यात आला नाही. सिहोरा हा एक डोंगा होता, मजूर तुकडीबरोबर त्यात बसून आपण समुद्र पार केला, असं ते सांगत राहिले. पण डोंगा म्हटल्यावर आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे वैनगंगेतला झाड कोरून केलेला डोंगा येतो, त्यात दाटीवाटीनं चार माणसं बसतात. आबाजी सांगत होते, गाव हसत होता. कागदपत्रं पेटीत होती, पण दाखवायला काढली तेव्हा त्यांची माती वाळवीनं कधीच केलेली होती.

हसण्याला आमच्या झाडीपट्टीत एक हक्काची जागा आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे एक जत्राच. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दिवसाउजेडी मैदानात नाच-गाण्यांची दंडार रंगते, आणि गाण्यांच्या मधल्या वेळात गावातल्याच कुणाची तरी नकल केली जाते. अड्याळच्या मंडईत ‘दसरूची नकल’ वर्षानुवर्षं झाली. मी ती लहानपणी पाहिली आहे. ढोलकी थांबायची, एकजण पागोटं वाकडं करून पुढे यायचा, आणि दुसरा त्याला विचारायचा, कुठं गेलता रे दसरू. मग पुढचं सगळं मैदानाला तोंडपाठ असायचं. माझे वडील नकल सुरू व्हायच्या आधी उठून जायचे आणि तलावाच्या पारीवर, बांधावर, एकटेच उभे राहायचे. आबाजी मात्र पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले असायचे. मला त्यांचा राग यायचा. आपल्यावर लोक हसतात हेही न कळणारा माणूस आपला आजोबा असावा, याची मला शरम वाटायची, हे आज कबूल करते.

शरम आमच्या घरात नांदत होती असंच म्हणायला हवं. नकलेतलं एक वाक्य तर आमच्यामागे चिकटूनच राहिलं. घरातलं कुणीही बाहेरगावाहून आलं, अगदी भंडाऱ्याहून संध्याकाळच्या एसटीनं आलं, तरी पाराजवळचा कुणीतरी हमखास विचारायचा, “काहो, सिहोरा वापस आला का?” वडील मान खाली घालून निघून जात. माझ्या आत्याबाईंचं, सायत्राबाईंचं, लग्न ठरता ठरता मोडलं ते याच वाक्यावर; पुढे गावातलीच सोयरीक झाली आणि ते वाक्य ऐकत त्या इथंच म्हाताऱ्या झाल्या. वडील जाईपर्यंत घरात आबाजींच्या लढाईविषयी कुणी शब्द काढला नाही. आम्ही ती गोष्ट जमिनीत पुरून टाकली होती.

ती उकरून निघाली एका दगडानं. गेल्या वर्षी गावानं ठरवलं की महायुद्धावर गेलेल्या आपल्या माणसांची नावं कोरलेला दगड शाळेसमोर बसवायचा, पुढच्या मंडईला. त्यासाठी समिती झाली, आणि यादी करायचं काम रामाजी गुरुजींकडे आलं; निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, आणि गावाच्या इतिहासात त्यांचा शब्द शेवटचा. यादीत आबाजींचं नाव असणार नव्हतं हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं. पण एके दिवशी आत्याबाई सकाळीच काठी टेकत माझ्या अंगणात आल्या. मोतीबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. त्या ओट्यावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“शालू, बाबाचं नाव त्या गोट्यावर पायजे. मले वाचता येत नाही, दिसतबी नाही. मी बोटानं चाचपून पाहीन. मी जित्ती हाओ तवर पाहीन.”

मी म्हटलं, आत्याबाई, पुरावा नाही.

“तू जलमभर लोकायले पुरावे मागत राहिली. आता एक बापासाठी शोध.”

माझा बाप नव्हे, त्यांचा. पण त्या क्षणी तो फरक काढायची माझी हिंमत झाली नाही. मी गुरुजींकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि कितीतरी वर्षांपूर्वी मीच त्यांना खिडकीतून ऐकवलेलं वाक्य अतिशय आदरानं परत केलं. “शालूबाई, कागदावर नसन त नाही. तुमीच सांगतलं होतं मले.” घरी येताना माझे कान तापले होते. त्या दिवशी मी ठरवलं की कागद आणायचाच, मग तो सातासमुद्रापलीकडे असो.

मोजणी कार्यालयात पहिला धडा असा असतो की गावाचं नाव ऐकून भुलायचं नाही. आधी विचारायचं, हे कोणतं? एकाच नावाची गावं तीन-तीन तालुक्यांत निघतात आणि माणसं चुकीच्या गावच्या नकाशावर आयुष्यभर भांडतात. म्हणून मी सुरुवात माहीत असलेल्या सिहोऱ्यापासून केली. तुमसरहून बपेऱ्याच्या गाडीत बसले, दोन्ही बाजूंनी धानाची रोपं लावायचा रोवणा नुकताच आटोपलेल्या बांध्यांचं चमकतं पाणी मागे सरकत होतं, आणि खिडकीतून चिखलाचा थंड वास येत होता. आबाजींच्या मावशीचं घर सापडलं. मावशीची सून आता शंभरीला टेकलेली, खाटेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. दसरूचं नाव काढताच तिनं हात थांबवला.

“तो त आलाच नाही इथं. सासूबाई रडे. तुमच्या गावचे लोक म्हनत, तो सिहोऱ्याले हाये. आमी म्हनो, तो अड्याळातच हाये न् भेटाले येऊन नाही राहिला.”

दोन गावं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली आणि माणूस दोन्हीकडे नव्हता. मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली की आबाजी खरं बोलत होते. पण माझी खात्री म्हणजे कागद नव्हे.

मग मी इतर सिहोरे शोधायला बसले. एक जबलपूरच्या बाजूला निघालं, आणखी दोन लहानसहान खेडी निघाली. संगणकावर इंग्रजीत नाव लिहून मी पान उलटत गेले आणि एका दुपारी असा सिहोरा समोर आला की ज्याला तालुका नव्हता, ज्याची लांबी फुटांत दिलेली होती आणि वजन टनांत. बोट. एका परदेशी कंपनीची बोट. त्या काळी हे लोक आपल्या बोटींना हिंदुस्थानातल्या कुठल्याही गावाचं नाव देत, नकाशावर बोट ठेवलं की झालं. कोणत्या सिहोऱ्यावर त्यांचं बोट पडलं होतं, आपल्या की जबलपूरकडच्या, हे मला आजही ठाऊक नाही. मी खुर्चीतून उठले, अंगणात जाऊन चूळ भरली, परत आले, तरी ती तिथंच होती.

पान एका परदेशी गृहस्थानं मोठ्या निगुतीनं तयार केलं होतं. त्यांचे वडील त्या बोटीच्या इंजिनखोलीत कामाला होते, आणि मुलानं वडिलांच्या वहीवरून बोटीची सारी सेवा ओळीनं लिहून काढली होती. मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचत गेले. फेरफार वाचायची सवय असलेल्या माझ्यासारखीला तो बोटीचा सात-बाराच वाटला. कुठल्याशा थंड देशातल्या गोदीत ती जन्मली. आरंभी तिनं यात्रेकरू नेले, रबराच्या मळ्यांवर जाणारे मजूर नेले, आखातातून खजूर आणला. मग युद्ध पेटलं आणि तिचा पांढरा रंग पुसून करडा फासला गेला, माल ठेवायच्या तळघरांत फळ्यांच्या तीन-तीन मजली खाटा ठोकल्या गेल्या, आणि जिथं खजुराची पोती असत तिथं माणसं निजू लागली. ती मुंबईहून इराकातल्या बसऱ्याला गेली, सुएझला गेली, खेचरं नेली, कैदी आणले, जखमी आणले. शेजारच्या बोटी बुडाल्या तेव्हा ती नुसती दिवे मालवून चालत राहिली. युद्ध संपल्यावर उरलेल्यांना घरी पोहोचवायचं काम तिनंच केलं. आणि मग, म्हातारी झाली म्हणून, किनाऱ्यावर ओढून तिचे तुकडे केले. हे वाचताना मला भरून आलं. लोखंडाच्या एका वस्तूनं इतकं काम निमूटपणे करावं आणि शेवटी तिला कुणी विचारू नये, हे मला ओळखीचं वाटलं.

तिची लांबी मी कागदावर उतरवली आणि उन्हं उतरायच्या आत टेप घेऊन तलावावर गेले. त्याचं कारण असं की मी आठ-नऊ वर्षांची असताना आबाजींनी मला एकदा पारीवर नेलं होतं. मोहाच्या झाडाखाली मला उभं करून ते तलावाचं पाणी सोडायच्या तुडुमापर्यंत पावलं टाकत गेले आणि तिथून ओरडले, “एवढा लंबा होता सिहोरा.” गाव एवढा लांब असतो का, म्हणून मी हसले होते. आता मोहाचं नुसतं खोड उरलं आहे, पण तुडुम जागच्या जागी आहे. मी टेप लावला. मोजणीला आम्ही आयुष्यभर बसलेली माणसं, आमचा हात चुकत नाही. तरी मी दोनदा मोजलं. आबाजींच्या पावलांत आणि बोटीच्या लांबीत चार-पाच हातांचा फरक निघाला. पाण्यावर संध्याकाळचा तांबूस उजेड पसरला होता, शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा वास येत होता, आणि मी टेप गुंडाळायचं विसरून तिथंच रडत उभी राहिले. मी लहानपणी ज्या ठिकाणी हसले होते, बरोबर त्याच ठिकाणी.

पण हा पुरावा समितीपुढे टिकला नसता हे मला कळत होतं. आबाजी बसऱ्याचं नाव घेत, म्हणून मी त्या गृहस्थांना माझ्या मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं: मुंबईहून बसऱ्याला गेलेल्या फेऱ्यांत, दिवाळीच्या मागेपुढे निघालेली एखादी फेरी आहे का? दिवाळी त्यांना काय कळणार, म्हणून महिने लिहिले. ते महिने मी ठरवले आत्याबाईंच्या सांगण्यावरून. त्यांना विचारलं, आबाजी कधी निघाले याबद्दल काही बोलले होते का, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाबा सांगत, डोंगा हालला तवा मनात एकच होतं. घरी आता हलका कापला असन, भारी उभा असन, न् कापाले मानूस नाही.” मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आजवर कुणाला न सांगितलेली. एवढं पाणी आबाजींनी जन्मात पाहिलं नव्हतं; शिडीपाशी येऊन ते मागे फिरणारच होते. तेवढ्यात कुणीतरी डोंग्याचं नाव घेतलं. “सिहोरा म्हनले. बाबाले वाटलं, आपल्या मावशीचं गाव. मंग चढले.”

महिनाभरानं उत्तर आलं. सोबत वहीच्या एका पानाचं छायाचित्र. ते मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या रात्री कुणालाही काही न सांगता पान घडी घालून पोलक्यात ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची बैठक होती.

ग्रामपंचायतीच्या खोलीत सात-आठजण होते. भिंतीजवळच्या बाकावर आत्याबाईंना मीच आणून बसवलं होतं. मी बोटीचं चित्र दाखवलं, नाव दाखवलं. लोक वाकून वाकून पाहू लागले. कुणी म्हणालं, खरंच की हो. गुरुजींनीही पाहिलं, चष्मा वर केला.

“बोट होती, हे मान्य. पन दसरूजी त्यात होते, हे कुठं लिहिलं हाये?”

प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असते तर हाच विचारला असता. म्हणून मी त्यांना एक विनंती केली. म्हटलं, गुरुजी, दसरूची नकल म्हणून दाखवा. खोलीत कुजबुज झाली, एकदोघे हसले. गुरुजी गोरेमोरे झाले, कारण तरुणपणी कितीतरी मंडयांत वाकडं पागोटं घालून दसरू होणारा माणूस तेच होते, आणि आज बाकावर दसरूची लेक बसली होती. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, म्हणाच. शेवटी आत्याबाईच बोलल्या, “म्हना गुरुजी. आमाले काही नवं नाही.”

त्यांनी खाली पाहत, धडा म्हणावा तसं म्हटलं. “कुठं गेलता रे दसरू? सिहोऱ्यात बसून लढाईले गेलतो. सिहोरा काय बैल व्हय का चालाले? चालला ना. दोन दिस चालला, तिसऱ्या दिसी थकला, न् वापस आला. आठ दिस बसून राहिला. मंग पुन्हा चालला, न् बसऱ्याले गेला.”

कुणी हसलं नाही. मी पोलक्यातून कागद काढला आणि वहीतलं पान मराठी करून वाचून दाखवलं. बोट मुंबईहून सुटली; पोटात पलटणी आणि मजुरांच्या तुकड्या. दोन दिवस चालल्यावर इंजिनात बिघाड. तिसऱ्या दिवशी माघारी. आठ दिवस बंदरात दुरुस्ती, माणसांना खाली उतरू दिलं नाही. मग बसऱ्याकडे. तारीख आबाजी घरातून निघाले त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची होती.

अड्याळातल्या कुणालाही हे कुठून कळलं असतं? गुरुजींनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना चांगलं येतं. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं, आणि मग जे बोलले ते मलाही ठाऊक नव्हतं.

“आठ,” ते म्हणाले. “एक डाव माह्या तोंडून सात निंघालं. दसरूजी समोरच बसून होते. उठून उभे झाले न् म्हनले, मास्तर, आठ. सात नोको म्हनू, आठ दिस बसला सिहोरा. लोक त पोट धरून हासले. मी त्या दिसापासून आठच म्हनत गेलो.” त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. “मले वाटे, मानूस भोळा हाये.”

पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला तो म्हातारा मला दिसला, आणि त्याच्यावरचा माझा लहानपणीचा राग मला जागच्या जागी जाळून गेला. त्यांना सगळं कळत होतं. पेटीतला कागद वाळवीनं खाल्ला होता. घरात कुणी ऐकून घेत नव्हतं. आणि दर मंडईला आख्खा गाव आपली साक्ष तोंडपाठ करतो आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी आपली नोंद लोकांच्या हसण्यात ठेवून दिली आणि दरवर्षी येऊन ती बरोबर आहे ना हे तपासून गेले. आम्ही लाजेनं गप्प राहिलो. जपलं ते हसणाऱ्यांनी.

यादीत नाव कसं लिहायचं यावर मात्र थोडी हुज्जत झालीच. बाकी नावांपुढे नुसती पलटण आहे. कुणी सुचवलं की दसरूजींच्या नावापुढे ‘मजूर तुकडी’ एवढंच असावं, सिहोरा शब्द टाळावा, लोक पुन्हा भलतंच समजतील. आत्याबाईंनी बाकावरूनच काठी आपटली. “सिहोरा लिहा. तेच नाव आयकून बाबा चढले होते.” गुरुजींनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, आणि यादी दगड कोरणाऱ्याकडे गेली.

यंदाची मंडई परवा झाली. हलका कापलेला, भारी उभा. शाळेसमोर काळा दगड बसला आहे, झेंडूचा हार घातलेला, आणि पलीकडच्या मैदानात दंडारीची ढोलकी तापवली जात होती. मी आत्याबाईंचा हात धरून त्यांना दगडापाशी नेलं. ऊन चढलेलं, दगड कोमट झालेला. त्यांनी बोटं टेकवली. मी नाव वाचून दाखवू लागले तर म्हणाल्या, थांब. आणि एकेका अक्षराच्या खाचेतून बोट फिरवत विचारलं, यातलं सिहोरा कोणतं? मी त्यांचं बोट त्या शब्दावर नेऊन ठेवलं. पहिल्या अक्षराच्या वेलांटीपासून शेवटच्या कान्यापर्यंत त्या सावकाश गेल्या, आणि पुन्हा मागे येऊन पुन्हा गेल्या.

एवढ्यात मागून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं, बिचाऱ्याला दगडाचं काही ठाऊक नसावं, जुन्या सवयीनं हाक दिली, “काहो सायत्राबाई, सिहोरा वापस आला का?”

आयुष्यभर हे वाक्य ऐकून खाली गेलेली मान मी पाहिली आहे. यावेळी आत्याबाई आवाजाच्या दिशेनं वळल्या.

“आला,” त्या म्हणाल्या. “वेळ लागला, पन आला.”

ढोलकी सुरू झाली तसे आम्ही मैदानाकडे निघालो. आत्याबाईंना पहिल्या रांगेत बसायचं होतं. चालता चालता माझ्या मनात ती बोट परत परत येत होती, तिच्या पोटातल्या तीन-तीन मजली फळ्या आणि त्यांवर निजलेली शेकडो माणसं, ज्यांच्या गावाकडेही तेव्हा कसलं ना कसलं पीक कापायचं राहिलं असेल. आमच्या एकाला हसणारा गाव मिळाला म्हणून तो परत आला. ज्यांच्यावर कुणी हसलंसुद्धा नाही, ते कुठं उतरले असतील? धुऱ्यावरचं दव केव्हाच वाळलं होतं. मी आत्याबाईंना सांभाळून पुढच्या रांगेत बसवलं आणि शेजारी जागा धरली.